घसरू द्यायचे, पण हळू : भूकंप आणि नियंत्रणशास्त्र



१९६२ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराजवळच्या एका लष्करी कारखान्याने आपले सांडपाणी जमिनीच्या पोटात सोडायला सुरुवात केली. रॉकी माउंटन आर्सेनल हे त्या कारखान्याचे नाव. तिथे रासायनिक अस्त्रे तयार होत, आणि त्यातून निघणारे विषारी पाणी उघड्यावर ठेवणे धोक्याचे झाले होते. म्हणून ३,६७१ मीटर खोल बोअर घेतली गेली आणि पंपाच्या दाबाने ते पाणी तळाच्या खडकात ढकलले जाऊ लागले. एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या लोकांना धक्के जाणवू लागले. कित्येक दशके त्या शहराला भूकंप हा प्रकार माहीत नव्हता.

पुढच्या साडेतीन वर्षांत धक्क्यांची संख्या शेकड्यांत गेली. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड एव्हान्स या भूवैज्ञानिकाने दोन आलेख जोडीने मांडले. एकात दर महिन्याचे भूकंप, दुसऱ्यात दर महिन्याला जिरवलेले पाणी. पाणी वाढले की भूकंप वाढत होते, पाणी कमी झाले की कमी होत होते. आधी लष्कराने हा संबंध मान्य केला नाही, पण १९६६ च्या फेब्रुवारीत पंप बंद झाले. भूकंप मात्र बंद झाले नाहीत. त्या मालिकेतला सर्वांत मोठा, सुमारे ५ रिश्टरचा धक्का १९६७ च्या ऑगस्टमध्ये बसला, म्हणजे पंप थांबल्यानंतर दीड वर्षाने.

माणसाच्या हातून भूकंप सुरू होऊ शकतो हे डेन्व्हरने दाखवले. तो थांबवायचा तर नुसते बटण बंद करून भागत नाही, हेही दाखवले. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आजच्या व्याख्यानाचा विषय आहे : भूकंप टाळण्यासाठी नियंत्रणशास्त्राचा उपयोग.

विषय ऐकून भुवया उंचावणे साहजिक आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, इतक्या तीव्रतेचा भूकंप होईल असे भाकीत आज जगात कोणालाही करता येत नाही. ज्याचे भाकीत करता येत नाही त्याचे नियंत्रण कसे करणार? शंका रास्त वाटते, पण तिच्यात एक गफलत आहे. तळहातावर उभी धरलेली काठी नेमकी कधी आणि कोणत्या बाजूला पडेल हे सांगणे मोठ्या गणितज्ञालाही अवघड जाईल. ती पडू न देणे मात्र शाळकरी पोराला जमते. काठीचे वजन किती, तिची लांबी किती, वारा कुठून येतो, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. तो काठीकडे बघत राहतो आणि ती कलेल तसा हात हलवतो. बघणे, ठरवणे, हलवणे आणि पुन्हा बघणे, हे चक्र पुरेशा वेगाने फिरत राहिले की जे मुळात अस्थिर आहे ते स्थिर राहते. अभियंते याला फीडबॅक म्हणतात. नियंत्रणशास्त्राचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

आता जमिनीखाली जे घडते त्याकडे वळू.

१९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने उद्ध्वस्त झाले. जमिनीवरची कुंपणे आणि रस्ते सॅन अँड्रियास भ्रंशाच्या, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, रेषेवर कसे तुटून सरकले याची मोजणी झाली, आणि तिच्या आधारे हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये आपले स्पष्टीकरण मांडले. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक वर्षानुवर्षे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला रेटले जातात, पण भ्रंशाच्या पृष्ठभागावरचे घर्षण त्यांना धरून ठेवते. खडक ताणले जातात, ऊर्जा साठते. ताण घर्षणाच्या पलीकडे गेला की खडक काही सेकंदांत घसरतात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. तिच्यातला मोठा भाग घर्षणाच्या उष्णतेत जातो, उरलेल्यातला काही लाटा होऊन आपल्या घरापर्यंत पोहोचतो.

मात्र घर्षण तुटले म्हणजे घसरण झपाट्यानेच व्हायला हवी, असे नाही. १९६६ मध्ये विल्यम ब्रेस आणि जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेत दाबाखालच्या खडकांचे तुकडे एकमेकांवर सरकवले. ते अडखळत, धक्क्याधक्क्याने सरकले. भूकंप म्हणजे असेच काहीसे असावे, असे त्या दोघांनी सुचवले. पुढे जेम्स डीटरिच आणि अँडी रुइना यांनी खडकांच्या घर्षणाचे गणित बसवले. घसरण सुरू झाली की घर्षण कमी होत जाते. ते किती वेगाने कमी होते आणि आजूबाजूचा ताणलेला खडक आपला जोर किती वेगाने सैल करतो, या दोहोंच्या शर्यतीवर पुढचे सगळे ठरते. घर्षण आधी गळाले तर घसरण स्वतःच स्वतःला वेग देते, आणि तोच भूकंप. खडकाचा जोर आधी उतरला तर घसरण शांतपणे पार पडते.

शांत घसरण ही प्रयोगशाळेतली कल्पना नाही, ती निसर्गात घडताना दिसते. कॅलिफोर्नियात हॉलिस्टर गावाजवळ वाइन तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या भिंती आणि फरशी वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने दुभंगत चालल्याचे १९५६ मध्ये ध्यानात आले. इमारत थेट सॅन अँड्रियास भ्रंशावर बांधलेली होती आणि तिथे भ्रंश कसलाही गाजावाजा न करता सरकत होता. त्याहून मोठे उदाहरण कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे. २००१ मध्ये हर्ब ड्रॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी जीपीएस नोंदींवरून दाखवले की, तिथल्या कॅस्केडिया पट्ट्यात जमिनीच्या खूप खाली आठवडेच्या आठवडे चालणारी घसरण होते. अशी घसरण साधारण चौदा महिन्यांनी पुन्हा होते हेही पुढे कळले. हीच हालचाल काही सेकंदांत झाली असती तर तिची गणना ६ किंवा ७ तीव्रतेच्या भूकंपात झाली असती. प्रत्यक्षात वर राहणाऱ्या कोणालाही काही जाणवले नाही.

भूकंप-नियंत्रणाचे ध्येय इथून उचललेले आहे. भ्रंशाला जागेवर खिळवून ठेवायचे नाही. पाठीमागून पृथ्वीच्या कवचाच्या प्लेट्स रेटत आहेत, त्यामुळे तो कधीतरी घसरणारच. त्याला घसरू द्यायचे, पण हळू.

लोकांच्या मनात बहुधा वेगळा उपाय असतो : एक मोठा भूकंप होऊ द्यायचा नाही, त्याऐवजी छोटे छोटे घडवून आणायचे. हिशेब मांडला की हा उपाय कोसळतो. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ७ तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा ५ तीव्रतेच्या धक्क्यांतून काढायची तर तसे हजार धक्के लागतील, आणि ४ तीव्रतेच्या धक्क्यांतून काढायची तर तीस हजारांच्या वर. कोणते शहर याला राजी होईल? म्हणून ऊर्जा लाटांतून न काढता मंद घसरणीच्या घर्षणात जिरवावी लागते.

त्यासाठी हात कुठे लावायचा? डेन्व्हरच्या पाण्याने तेही दाखवून दिले होते. मृदा-यांत्रिकीचे जनक कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात सांगितले की, सच्छिद्र पदार्थातले पाणी आतून दाब देते आणि कणांना एकमेकांवर दाबून ठेवणारा जोर तितका कमी करते. किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व भ्रंशांना लावले. भ्रंशातल्या पाण्याचा दाब वाढला की घर्षण घटते, कमी झाला की भ्रंश पुन्हा घट्ट बसतो. पाण्याचा दाब म्हणजे भ्रंशापर्यंत पोहोचणारा, दोन्ही दिशांना फिरणारा व्हॉल्व्ह. डेन्व्हरला पंप थांबल्यावरही भूकंप होत राहिले, कारण आधी घुसवलेल्या पाण्याचा दाब खडकातून दूरदूर पसरत चालला होता. या पसरण्याचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो.

हा व्हॉल्व्ह मुद्दाम उघडझाप करून पाहण्याची संधी डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोतच मिळाली. रँगली इथल्या तेलक्षेत्रात जास्त तेल काढण्यासाठी १९५७ पासून पाणी दाबाने भरले जात होते आणि आसपास छोटे भूकंप होत होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे बॅरी राले, जॅक हीली आणि जॉन ब्रेडहोफ्ट यांनी १९६९ पासून तिथे प्रयोग केला. त्यांनी आधी खडकाचे घर्षण प्रयोगशाळेत मोजले, जमिनीतला ताण बोअरमध्ये मोजला आणि गणिताने सांगितले की, पाण्याचा दाब सुमारे २५७ बारच्या वर गेला की इथे भूकंप होतील. मग काही विहिरींत पाणी भरले, नंतर उपसले, पुन्हा भरले, पुन्हा उपसले. दाब त्या आकड्याच्या वर असताना भूकंप होत राहिले, खाली आणला तेव्हा विहिरींच्या परिसरातले भूकंप जवळजवळ थांबले. १९७६ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात हा अहवाल आला. शीर्षकातच भूकंप-नियंत्रणाच्या प्रयोगाचा उल्लेख होता.

त्या काळात उत्साह मोठा होता. सॅन अँड्रियासवर ओळीने बोअर घ्यायच्या, दोन टोकांच्या बोअरमधून पाणी उपसून तिथे भ्रंश जखडून टाकायचा आणि मधल्या बोअरमध्ये पाणी भरून तेवढाच तुकडा सरकवायचा, अशी कल्पना मांडली गेली. पण तो भ्रंश सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचा आणि काठावर सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिससारखी शहरे. मधला तुकडा टोकांशी थांबलाच नाही तर? कोणी हात घातला नाही, आणि ते शहाणपणाचे होते. रँगलीच्या प्रयोगातही एक उणीव होती. दाब आधी ठरवलेल्या वेळापत्रकाने चढवला-उतरवला गेला. भ्रंश कसा वागतो आहे ते पाहून पंपाने क्षणोक्षणी आपले वागणे बदलले, असे तिथे नव्हते. चक्र अर्धेच होते.

पूर्ण चक्राचा इतिहास भूकंपशास्त्राहून जुना आहे. १७८८ मध्ये जेम्स वॅट यांनी वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आपोआप थोडी मिटे. काही गव्हर्नर मात्र वेग स्थिर ठेवण्याऐवजी इंजिनाला हेलकावे देत. असे का होते याचे गणित १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मांडले आणि नियंत्रणशास्त्राचा सैद्धांतिक पाया घातला गेला. त्या शास्त्रात तेव्हापासून कायम बजावले जाते की उशिरा पोहोचलेली दुरुस्ती बिघाड वाढवते. वेग उतरायला लागल्यावर झडप मिटली तर वेग आणखी उतरतो. भूकंपाच्या बाबतीत ही भीती अधिकच खरी आहे, कारण पंप वर आहे, भ्रंश काही किलोमीटर खाली आहे आणि मधल्या खडकातून दाब आपल्या चालीने झिरपतो.

दुसरी अडचण अज्ञानाची. विमानाचा ऑटोपायलट रचणाऱ्याला विमानाचे वजन आणि पंखांची मापे माहीत असतात. भ्रंशाचे घर्षण, त्यावरचा ताण, त्याची नेमकी व्याप्ती यांतले काहीच पक्के माहीत नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियंत्रणशास्त्राची जी शाखा वाढली तिने या प्रश्नाला थेट हात घातला. तिला रोबस्ट कंट्रोल म्हणतात. यंत्रणेचे गुणधर्म नेमके ठाऊक नसले तरी ते कोणत्या मर्यादांच्या आत आहेत एवढे ठाऊक असले, तर त्या मर्यादांतल्या प्रत्येक शक्यतेला पुरून उरेल असा नियम शोधायचा, ही तिची पद्धत. सोव्हिएत संघातल्या संशोधकांनी विकसित केलेले स्लायडिंग मोड कंट्रोल हे त्यातले एक मातब्बर हत्यार.

हे हत्यार भ्रंशाकडे वळवणाऱ्यांत इओआनिस स्टेफानू यांचे नाव ठळक आहे. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या या संशोधकाला युरोपीय संशोधन परिषदेने ‘कोक्वेक’ या प्रकल्पासाठी अर्थसाहाय्य दिले. २०१९ मध्ये त्यांनी स्प्रिंगला बांधलेल्या आणि घर्षणाने अडखळत सरकणाऱ्या ठोकळ्याच्या प्रतिमानावर दाखवले की, फीडबॅक लावला तर हीच अस्थिर यंत्रणा स्थिर करता येते. त्यानंतर २०२३ मध्ये दिएगो गुतिएरेस-ओरिबियो, स्टेफानू आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यात दोन प्रकारचे नियंत्रक तयार करून संगणकावर आणि प्रयोगशाळेत पारखले होते. भ्रंशाला एक संथ मार्ग आखून द्यायचा, आजच्या ताणलेल्या स्थितीपासून कमी ऊर्जेच्या नव्या स्थितीपर्यंत, आणि घसरण त्या मार्गाच्या पुढे पळू लागली की दाब उतरवायचा, मागे पडली की चढवायचा. घर्षणाचा नेमका आकडा नियंत्रकाला दिलेला नव्हता. तरीही प्रयोगशाळेतला तो छोटा भ्रंश धक्का न देता सरकला.

त्याआधीचा, २०२१ चा प्रयोग याहून साधा आणि विचार करायला लावणारा आहे. साहित्य होते पाणी शोषणारा सच्छिद्र कागद. कागद ताणायचा आणि ताणलेला असतानाच टप्प्याटप्प्याने ओला करायचा. ओला होईल तसा तो कमजोर होतो, म्हणजे पाणी भ्रंशाला जे करते तेच इथे उघड्या डोळ्यांना दिसते. ताण कमी असतानाच ओले करायला सुरुवात केली तर साठलेली ऊर्जा हळूहळू सुटली, आणि शेवटी जो मोठा झटका बसायचा त्याची तीव्रता निदान एका अंकाने कमी करता येते असे निष्पन्न झाले. ताण आधीच खूप वाढलेला असताना सुरुवात केली तर पाण्याने तो झटका लवकर ओढवून आणला.

या निष्कर्षाचे वजन नीट तोलायला हवे. ज्या भ्रंशाची भीती सर्वांत जास्त, तिथेच पाणी घालणे सर्वांत घातक. हस्तक्षेप करायचा तर तो भ्रंश निवांत असताना, म्हणजे लोकांना त्याची आठवणही नसताना करावा लागेल. आणि जमिनीखाली दहा किलोमीटरवर आज किती ताण आहे, याचे उत्तर वरून मिळत नाही. माणसाने आजवर खणलेले सर्वांत खोल विवर रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे. त्याची खोली १२,२६२ मीटर, आणि तिथवर पोहोचायला जवळजवळ वीस वर्षे लागली. हिमालयाखालचा भ्रंश शेकडो किलोमीटर लांब पसरलेला आहे. २०१५ मध्ये नेपाळला ७.८ तीव्रतेचा तडाखा देणाऱ्या त्या भ्रंशावर बोअरची रांग लावण्याची भाषा कोणत्याही गंभीर अभियंत्याच्या तोंडी येणार नाही.

मग या शास्त्राचा उपयोग कुठे? जिथे माणूस आधीच भ्रंशांना डिवचतो आहे तिथे. आणि अशी ठिकाणे वाढत चालली आहेत.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराखाली २००६ च्या डिसेंबरमध्ये भूऔष्णिक विजेसाठी पाणी भरायला सुरुवात झाली. हे शहर १३५६ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेले, त्यामुळे खबरदारी म्हणून सिग्नलच्या दिव्यांसारखी व्यवस्था ठेवली होती : हिरवा असताना चालू ठेवा, पिवळा झाला की कमी करा, तांबडा झाला की थांबा. सहा दिवसांत धक्के वाढले. पाणी भरणे थांबवले, आणि थांबवल्यानंतर काही तासांनी ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, विम्याचे दावे दाखल झाले, प्रकल्प गुंडाळला गेला. प्रकल्प-प्रमुखावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

दक्षिण कोरियातल्या पोहांगची हकीकत जास्त गंभीर आहे. तिथेही भूऔष्णिक प्रकल्प होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये पाणी भरल्यानंतर तीनहून थोड्या जास्त तीव्रतेचा धक्का बसला. काम नंतर पुन्हा सुरू झाले आणि शेवटचे पाणी सप्टेंबरमध्ये भरले गेले. १५ नोव्हेंबरला ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला, अनेक लोक जखमी झाले. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०१९ च्या मार्चमध्ये सांगितले की, पाणी थेट एका अज्ञात भ्रंशात शिरले होते आणि तो आधीच घसरण्याच्या बेतात होता. कागदाच्या प्रयोगात जे दिसले ते इथे एका शहराखाली घडले होते.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात तेलविहिरींतून निघणारे खारट पाणी खोल खडकांत जिरवले जात होते. २०१५ या एका वर्षात तिथे ३ किंवा अधिक तीव्रतेचे सुमारे ९०० भूकंप झाले. नियामक आयोगाने पाण्याचे प्रमाण कमी करायला लावले. तरीही २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो त्या राज्यातला आजवरचा सर्वांत मोठा. नंतरच्या वर्षांत मात्र आकडे झपाट्याने उतरले. चक्र इथे फिरले, पण महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने.

बाझल, पोहांग, ओक्लाहोमा या तिन्ही ठिकाणी मोजमाप होते, व्हॉल्व्हही होता. दोहोंना जोडणारा नियम मात्र ढोबळ होता, कारण तांबडा दिवा लागेपर्यंत दाब खडकात पसरलेला असतो.

चक्र जास्त घट्ट बांधले तर काय होते याचे उदाहरण हेलसिंकीजवळ सापडते. २०१८ च्या जून-जुलैमध्ये ओटानिएमी इथे ६.१ किलोमीटर खोल बोअरमध्ये ४९ दिवसांत सुमारे १८,००० घनमीटर पाणी भरले गेले. बोअर विद्यापीठाच्या परिसरात, शहराच्या वस्तीत. अधिकाऱ्यांनी २.१ तीव्रतेची मर्यादा घातली होती, ती ओलांडली तर काम बंद. जवळच्या दुसऱ्या खोल बोअरमध्ये भूकंपमापक बसवले होते. तिथे हजारो अतिसूक्ष्म धक्के नोंदले जात, त्यांचे स्थान आणि ऊर्जा जवळजवळ तत्काळ काढली जाई, आणि त्यावरून पंपाचा वेग, दाब आणि विश्रांतीचे काळ बदलले जात. सर्वांत मोठा धक्का १.९ वर थांबला. हा नियंत्रक माणसांच्या चमूचा होता, सूत्रांत बांधलेला नव्हता. खालचा खडकही त्यांना अनुकूल होता. पण बघणे, ठरवणे, हलवणे हे पूर्ण चक्र एका शहराखाली सात आठवडे चालले.

महाराष्ट्रात या विषयाचे एक प्रकरण साठ वर्षे उघडे आहे. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागले आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त झाले आणि १८० च्या आसपास माणसे मेली. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगात आजही त्याचे नाव पहिले घेतले जाते. तेव्हापासून ५ किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप त्या परिसरात झाले. १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे वाढला. तरी सारी हालचाल सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत आणि बहुतांशी दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होते. अभ्यासाला इतका आटोपशीर टापू जगात क्वचितच मिळतो.

भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि भूकंप यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. पावसाळ्यात पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने वाढणे ही ५ वा अधिक तीव्रतेच्या भूकंपासाठी आवश्यक अट दिसते, पुरेशी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पातळी पूर्वीच्या उच्चांकापलीकडे जाणे आणि ती किती काळ टिकते, हेही त्यांनी महत्त्वाचे मानले. नियंत्रणशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर भरण्याचा वेग हा आपल्या हातातला व्हॉल्व्ह आहे.

मात्र या व्हॉल्व्हवर अनेकांचे हात आहेत. १०५ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) जलाशय भरतो तो घाटमाथ्याच्या पावसाने, आणि पाऊस कोणाचे ऐकत नाही. पातळी हळू वाढवायची तर पाणी सोडावे लागते. पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहाकडे न्यायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा आहे. पूर्वेला सोडले तर ते कराडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडे जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने जो पूर पाहिला त्यानंतर, भूकंपाचा धोका कमी करायचा म्हणून आणखी पाणी सोडा, असे सांगायला कोणता अभियंता धजेल? वीज, सिंचन, पूर आणि भूकंप ही चार उद्दिष्टे एकाच दरवाजावर येऊन भिडतात. अशा परस्परविरोधी उद्दिष्टांचा ताळमेळ घालणे हे नियंत्रणशास्त्राचे रोजचे काम आहे. स्टेफानू आणि गुतिएरेस-ओरिबियो यांनी अलीकडे नेमके हेच भूगर्भातल्या साठ्यांसाठी मांडले : ऊर्जेची मागणी पूर्ण होईल इतके पाणी भरायचे, आणि तरीही भूकंपांचा दर ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचा.

मोजमापाच्या बाजूने कोयना परिसर आता मागे नाही. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा कराडजवळ आहे. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी बोअर २०१७ मध्ये पूर्ण झाली. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट, त्याखाली ग्रॅनाइट अशी रचना तिने दाखवली. भूकंप जिथे जन्मतो त्या खोलीवर उपकरणे ठेवून घर्षण, ताण आणि पाण्याचा दाब थेट मोजायचा, हा त्यामागचा उद्देश.

किल्लारीची गोष्ट वेगळी, आणि ती सांगितल्याशिवाय कोयनेबद्दलची आशा एकांगी होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जिथे भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे गेली तिथला भ्रंश नकाशावर नव्हता. तो भाग स्थिर समजला जात होता. जो भ्रंश ठाऊकच नाही त्याच्यासाठी फीडबॅक नसतो. तिथे मजबूत घर हाच एकमेव उपाय. नियंत्रणशास्त्र कितीही पुढे गेले तरी भूकंपरोधक बांधकामाचा एकही नियम त्यामुळे सैल करता येणार नाही.

जबाबदारीचा प्रश्नही उरतोच. नैसर्गिक भूकंपाबद्दल कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. नियंत्रक बसवला की तिथल्या पुढच्या प्रत्येक धक्क्याला एक मालक मिळतो. सात तीव्रतेचा भूकंप पाच तीव्रतेवर आणला, असे कोणी म्हटले तर सात तीव्रतेचा होणारच होता हे सिद्ध कसे करणार? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो, तडे गेलेली भिंत मात्र सर्वांना दिसते. बाझलच्या खटल्यात धक्का नियंत्रणासाठी दिलेला नव्हता, विजेच्या शोधात तो ओघाने आला होता. मुद्दाम हलवलेल्या भ्रंशाचा खटला अजून कोणत्याही न्यायालयासमोर आलेला नाही, आणि त्यासाठीचा कायदाही कोणी लिहिलेला नाही.

तरी एक काम आज सुरू करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी पाण्याचा एक थेंबही हलवावा लागत नाही. कोयनेच्या पातळीच्या आणि भूकंपांच्या साठ वर्षांच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांवरून जलाशय, खडकातला दाब आणि भूकंपांचा दर यांचे प्रतिमान संगणकावर उभे करता येईल. लवादाची मर्यादा, सांगलीची पूररेषा आणि विजेची मागणी या अटी त्याला घालता येतील, आणि मग नियंत्रकाला मागच्या काळातल्या पावसाळ्यांवर सोडून पाहता येईल. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे ५.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये किती पाणी, कोणत्या आठवड्यात, कोणत्या दिशेला सोडले असते तर दाबाची चढण कमी झाली असती, आणि त्याच पाण्याने कराडच्या संगमावर नदी किती फूट चढली असती? राज्यातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या भूविज्ञान, जलविज्ञान आणि नियंत्रणशास्त्राच्या तीन विद्यार्थ्यांनी एकत्र बसून सोडवावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले तरी ते जलसंपदा विभागाच्या उपयोगाचे असेल.